ओठ दिसेनात

तुम्ही पाठवलेला प्रोजेक्टर दसऱ्याच्या आधी इथे चिखलीला पोचला. खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं छापलं होतं आणि खोकं नेमकं उलटं आलं होतं. मी म्हटलं, हे लक्षण काही बरं नाही. तुमचे आजोबा म्हणाले, "तुले दरेक गोष्टीत लक्षणच दिसते." पुढे जे झालं ते मी क्रमाने लिहून ठेवते आहे. फोनवर तुम्ही दोघं "सगळं नीट चाललंय ना आजी?" असं विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत मागून आजोबा "एकदम फर्स्ट क्लास" म्हणून ओरडतात. सगळं नीट चाललेलं नव्हतं. निम्मा हिवाळा मी त्या यंत्रासमोर चष्मा वरखाली करत काढला.

यंत्र का मागवलं होतं, ते आधी. तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, लहानपणी मुदतीच्या तापात बहिरी झाली हे तुम्हाला माहीत आहे. पण ती माणसांच्या ओठांवरून बोलणं कसं वाचते, ते तुम्ही फारसं पाहिलेलं नाही. समोरच्या फुटपाथवर दोघी बायका बोलत असल्या तर ती इथे ओसरीवर बसून त्यांचं भांडण मला सांगते. भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय भाव सांगतो हे तिला आमच्या आधी कळतं. गल्लीतल्या सुना तिच्यासमोर कुजबुजायचं असलं की तोंडावर पदर घेतात, आणि ती त्यांना मोठ्यांदा म्हणते, "झाकून ठेव, झाकून ठेव. तुह्या डोयाले बी पदर नाही आला अजून, ते वाचन मी." मी शाळेत इंग्रजी शिकवायला जायची तेव्हा तुमचा बाबा दिवसभर तिच्या कडेवर असायचा. तो पहिला शब्द बोलला तोसुद्धा तिने पाहिला, मी नाही.

आता फोनचं कसं व्हायचं, तर पडद्यावर तुमची तोंडं काडेपेटीएवढी. तिचे दोन्ही डोळे ऑपरेशन झालेले. त्या काडेपेटीतले ओठ तिला मुंगीएवढे दिसायचे. मग तुम्ही काय म्हणालात ते मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवायची. दुसरीपर्यंत शिकलेली आहे, वाचते. पण एका रविवारी तिने पाटी माझ्या हातात परत दिली.

"हे तुहं अक्षर हाय," ती म्हणाली. "त्याचं तोंड कुठी हाय याच्यात?"

हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही प्रोजेक्टर पाठवलात. विचार अगदी योग्य होता. भिंतीवर माणसाएवढं तोंड आलं की ओठ दिसतील, ओठ दिसले की ती तुमच्याशी स्वतः बोलेल, मधे मी नको आणि पाटीही नको. मी तिला हे समजावलं. तिने ते त्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीला सांगितलं. "आता मी माह्या पोराइशी सोता बोलन," असं ती दळण घेऊन जाताना दारोदार थांबून सांगत गेली.

पहिल्या रविवारी गल्लीतल्या चार बायका बघायला आल्या. आत्याआजी ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत बसली. दिवा मालवला आणि तुम्ही दोघं भिंतीवर उमटलात. उमटलात म्हणजे काय, चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारख्या तुमच्या कडा विरघळलेल्या होत्या. दोन गव्हाळ गोळे, त्यांच्यावर दोन काळे डाग, ते केस असावेत. ओठांच्या जागी एक गुलाबी ओल हलत होती.

"कोनतं पोट्टं अन कोनती पोट्टी?" एका बाईने विचारलं.

आत्याआजीने डोळे बारीक केले. पुढे वाकून बघत राहिली.

यंत्राच्या भिंगाभोवती एक कडं आहे. ते फिरवून चित्र स्पष्ट करायचं असतं. हे मला पुस्तिकेवरून कळलं. त्या पुस्तिकेतलं इंग्रजी इतकं मोडकं आहे की मी वाचता वाचता पेन्सिलीने दुरुस्त करत गेले आणि दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, आपण वाक्यं सुधारतो आहोत, यंत्र तसंच आहे. तर मी कडं फिरवायला बसले. खरा ताप इथे सुरू झाला. माझा चष्मा दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघितलं तर एक चित्र, खालच्यातून दुसरं. मी थांबवलं की आजोबा म्हणत, "हट, मघाशी बरं होतं." त्यांनी थांबवलं की शेजारीण म्हणे, "काकू, अजून थोडं इकडं." प्रत्येकाच्या डोळ्यांचा नंबर वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच डोळा खरा वाटतो. शेवटी कुणाच्या डोळ्यांना धरून चालायचं, यावर आजोबांचं आणि माझं चांगलंच वाजलं. तिकडे तुम्ही "आजी, तुम्ही भांडताय का?" असं विचारत होतात.

ज्या डोळ्यांसाठी सगळं चाललं होतं त्यांना विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "काईच नाही दिसून राह्यलं." मग एका बाईच्या आग्रहाखातर पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "हाव, दिसते थोडंथोडं." हे ती खोटं बोलली. मी तिला ओळखते.

दुसऱ्या दिवसापासून मी नीट पद्धतीने सुरुवात केली. आधी संशय नेटवर. पण फोनच्या पडद्यावर तुम्ही स्वच्छ दिसत होतात, आणि यंत्र स्वतःची जी यादी भिंतीवर दाखवतं तिची अक्षरंसुद्धा फुगलेली होती. म्हणजे नेट निर्दोष. मग संशय भिंतीवर. ऑइलपेंटची भिंत चकाकते, म्हणून आजोबांचं पांढरं धोतर खिळ्यांना ताणून बांधलं. पंखा लावला की तुमची तोंडं लाटांवर हलायला लागली. पंखा बंद केला की डास. धोतर काढलं.

मग लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा माणूस बोलावला. त्याने यंत्र हातात घेतलं, वर केलं, खाली केलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "काकू, हे खेळण्यातलं हाय. मोठं घ्या." मी त्याला चहा दिला आणि दार लावून घेतलं. आजोबांचा उपाय त्याहून जुना होता. रेडिओ आणि टीव्हीवर आयुष्यभर जो चालला तोच, तळहाताने एक थाप. मी यंत्र त्यांच्या हातून काढून घेतलं.

त्या पुढच्या रविवारी आत्याआजी थोडा वेळ बसली आणि मधेच उठून स्वयंपाकघरात गेली. मी डोकावले तर ती तूरडाळ निवडत होती. निवडलेलीच डाळ होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती आलीच नाही. मी बोलवायला गेले.

"बाई, चला. पोरं वाट बघताहेत."

"तुमी बोला," ती म्हणाली. "मले तिथं बसून काय करा लागते? भूत पाहून राह्यल्यासारखं वाटते."

मी परत येऊन बसले. तुम्ही विचारलंत, "आत्याआजी कुठेय?" आजोबा म्हणाले, "झोपली." तेव्हा मला त्या यंत्राचा, त्या मोडक्या पुस्तिकेचा, आजोबांचा आणि खरं तर तुमचाही राग आला होता. इतकी गल्लीभर सांगत फिरलेली बाई आता बाहेर ओसरीवरसुद्धा बसेना, कारण येणारीजाणारी विचारत होती, "काय आत्या, बोलली काय पोराइशी?"

त्या आठवड्यात मी ठरवलं की आता अंदाज बंद. यंत्रातून तुमची तोंडं दाखवायची नाहीत, अक्षरं दाखवायची. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असतो तसा तक्ता मी कागदावर काढला, फोनने त्याचा फोटो घेतला आणि तो भिंतीवर टाकला. कडं हळूहळू फिरवलं. खालच्या ओळी एकदम लख्ख झाल्या. वरच्या ओळी मात्र पसरलेल्या. वरच्या नीट कराव्यात तर खालच्या पसरत. दोन्ही एकदम काही केल्या होईनात. मी तुमची तोंडं आठवली. ती नेहमी चित्राच्या वरच्या भागात असतात. खाली तुमचं टेबल आणि त्यावरचा निळा मग. तो मग पहिल्या रविवारपासून अगदी स्पष्ट दिसत होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तुमचा मग फोकस केला होता.

कारण उघड होतं. यंत्र बुटक्या टेबलावर ठेवलेलं, आणि चित्र उंच दिसावं म्हणून आजोबांनी त्याच्या पुढच्या बाजूखाली पानाचा डबा सरकवलेला. यंत्र मान वर करून बघत होतं. भिंतीचा खालचा भाग त्याला जवळ आणि वरचा लांब. ते भिंतीच्या मधोमध, सरळ उभं बघेल अशा उंचीवर हवं होतं. स्टुलावर खुर्ची ठेवून पाहिली, ती डुगडुगली. कपाटावर ठेवलं तर फार उंच. शेवटी आजोबा म्हणाले, "गव्हाची कोठी आन." पत्र्याची ती कोठी, आत दोन पोती गहू. आम्ही दोघांनी ती स्वयंपाकघरातून माजघरात ढकलत आणली. फरशीवर चर पडला, तो अजून आहे. पण उंची नेमकी जमली. भिंगावर थोडं तेलकट दिसलं म्हणून चष्म्याच्या कापडाने पुसलं. तक्त्यातल्या वरच्या ओळी, खालच्या ओळी, सगळ्या एकसारख्या उभ्या राहिल्या. शनिवार होता तो. मी त्या कोठीला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

रविवारी पुन्हा धुकं.

या वेळचं धुकं वेगळं होतं, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते. कडा होत्या, पण सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखी. काळं काळं नव्हतं आणि पांढरं पांढरं नव्हतं. आत्याआजीला मी मोठ्या विश्वासाने हाताला धरून आणलं होतं. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या बघण्यात काही राग नव्हता. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

सोमवारी कापडाने पुसलं, थोडं बरं. शनिवारी पुसलं, चांगलं. रविवारी साय. यंत्राला वार कळतो की काय, असं मी चिडून म्हटल्यावर आजोबा म्हणाले, "रविवारी त्याले बी सुट्टी पायजे." मला हसू आलं नाही.

त्या पुढच्या रविवारी मी संध्याकाळचा चहा लवकर उरकला आणि तुमच्या फोनच्या बऱ्याच आधी माजघरात गेले. आत्याआजी कोठीपाशी उभी होती. पाठ माझ्याकडे. सकाळीच मला म्हणाली होती की मी आज येणार नाही. डाव्या हातात तिची काजळाची डबी, आणि उजव्या हाताच्या करंगळीने ती यंत्राच्या भिंगावर, अगदी कडेला, काळजीपूर्वक काहीतरी टेकवत होती. दिव्याची काजळी तुपात खलून ती घरीच काजळ करते, तुम्हाला तुमच्या लहानपणी लावायची तेच.

मी पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिले, म्हणजे तिला माझं तोंड दिसेल. "बाई, हे काय?"

"तीट," ती म्हणाली. मी असं काय विचारते आहे, अशा सुरात.

"यंत्राला?"

"यंत्राले काऊन लावू? लेकराइले." तिने भिंतीकडे हात केला. "एवढाले मोठे तोंडं येतात तिथी. गल्लीतल्या बाया पाहून गेल्या. नजर नाही लागन?"

"पण काचेवर कशाला लावायची?"

"मंग कुठी लावू वं? लेकरं यातूनच त बाहेर येतात."

मी कापड घेऊन त्या काचेवर उजेड तिरपा धरून पाहिलं. कडेला ताजा काळा ठिपका, काळ्याच कड्याला लागून, सहज दिसणार नाही असा. आणि बाकीच्या सगळ्या काचेवर जुन्या तिटांचं तूप आणि काजळी, एकसारखं पसरलेलं. ते मी पसरलं होतं, दर शनिवारी, चष्म्याच्या कापडाने, निगुतीने गोल गोल पुसून. तीट भिंतीवर ठिपका म्हणून दिसत नाही. ती सगळ्या चित्रावर धुकं होऊन बसते. ही गोष्ट त्या पुस्तिकेत कुठल्याही प्रकारच्या इंग्रजीत लिहिलेली नव्हती.

आता हे तिला सांगायचं कसं? मी दोनदा वाक्य जुळवलं. तेवढ्यात आजोबा आले, त्यांनी डबी पाहिली, काच पाहिली, आणि सरळ सांगून टाकलं. "बाई, तुह्या तिटीनंच दिसून नव्हतं राह्यलं." आणि हसायला लागले.

ती माझ्याकडे वळली. "खरं काय?"

मी मान हलवली.

"म्हंजे मीच..." ती थांबली. डबीचं झाकण लावलं, परत उघडलं. मग भावावर घसरली. "तुले काय दात काहाडाले झालं? तू त पानाचा डब्बा लावला होता त्याच्याखाली. तो नाही दिसला कोनाले?"

पण तीट लावू नका म्हटल्यावर ती ऐकेना. तीट नाही तर पोरांची तोंडंही भिंतीवर नकोत, मी आपली न दिसताच बरी, असं म्हणाली. मी म्हटलं यंत्राच्या मागे लावा. "पाठीवर कोनी तीट लावते काय?" तुम्ही हसाल, पण यात बराच वेळ गेला आणि तुमच्या फोनची वेळ जवळ येत होती. तिढा सोडवला तो आजोबांनी. बाळाला गालावर लावायची नसली तर कानामागे लावतात की नाही, असं त्यांनी विचारलं. तिला ते पटलं. यंत्राच्या बाजूला जिथे वारा बाहेर पडायची जाळी आहे, त्याला तिने कान ठरवलं आणि त्याच्या मागे ठिपका ठेवला. मी कापूस आणि स्पिरिट घेऊन काच पुसली. कापूस काळा निघाला. दुसरा घेतला, तो राखाडी. तिसरा पांढरा निघाल्यावर थांबले.

मग तुमचा फोन आला.

तुम्ही दोघं भिंतीवर आलात आणि मी पहिल्यांदा पाहिलं की ताईच्या हनुवटीवर मुरूम आहे. दादाच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं आहे. ओठ होते, दात होते, ओठांच्या कोपऱ्यात लागलेला जाम होता. आत्याआजी खुर्ची ओढून पुढे बसली. गल्लीतलं कुणी नव्हतं. आता कुणी येतही नव्हतं.

"दादा, तू बोल," मी म्हटलं. "सावकाश बोल. तिच्याकडे बघून."

तू बोललास. बराच बोललास. ती एकटक बघत होती. तुझं झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"काय म्हणून राह्यला हा?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला ती कोठी गव्हासकट ढकलून द्यावीशी वाटली. सगळं स्वच्छ होतं. काच स्वच्छ, भिंत स्वच्छ, तुझं तोंड स्वच्छ, आणि तिला एक शब्द लागला नव्हता.

"मिशी आडवी येऊन राह्यली त्याची," आजोबा म्हणाले. तू बिचारा बोटांनी मिशी वर धरून पुन्हा बोललास. ती आणखी पुढे वाकली. तिचे ओठ तुझ्या ओठांबरोबर हलत होते, जशी ती नवीन माणसाचं बोलणं लावून पाहते तसे. "मला," ती म्हणाली. "मला, मला... काय मला? कोनत्या गावचं बोलते हा?"

तेव्हा मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मी नाशिककडची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरात पुस्तकी मराठी बोलणारी. इथे आले तेव्हा ही बाई माझ्याशी बोलायचीच नाही. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. पुढे तिनेच सांगितलं की मी काय बोलते ते तिला दिसतच नव्हतं. गावातली सगळी माणसं 'मले' म्हणतात, तेव्हा ओठ शेवटी दोन्ही बाजूंना ताणले जातात. मी 'मला' म्हणायची तर तोंड उघडंच राहायचं, आणि वाक्य कुठे संपलं हे तिला कळायचं नाही. ऐकणारा माणूस 'मला' आणि 'मले' यांत भाषेचा फरक करतो. तिच्यासाठी ती दोन वेगळी तोंडं आहेत. मला वाचायला तिला कितीतरी वर्षं लागली. तुमच्यासाठी तेवढी वर्षं आणायची कुठून?

"दादा, 'मला' नको," मी म्हटलं. "'मले' म्हण."

"काय?"

"मले. इथल्यासारखं बोल."

तुम्ही दोघं हसायला लागलात. तिला तेवढं मात्र दिसलं आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, तिलाच हसताय. मी तुम्हाला दरडावलं, ते तुम्हाला आठवत असेल. आजोबा खुर्ची सरकवून फोनपुढे आले. हा विषय आपला आहे, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

"काय सांगाचं हाय तुले?" त्यांनी विचारलं.

"की मला सुट्टी मिळत नाहीये," तू म्हणालास. "या वर्षी यायला जमणार नाही."

आजोबांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "मंग असं म्हण बे. मले सुट्टी नाही भेटून राह्यली."

तू ते कडू औषध घेतल्यासारखं म्हणालास. "मले. सुट्टी. नाही. भेटून राह्यली."

"एकसंध म्हण. तुटक कायले बोलतं?"

तू पुन्हा म्हणालास. आत्याआजीचे ओठ हलले. मग तिच्या तोंडून, तिच्या त्या उंच, सपाट आवाजात, तुझं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं. "मले सुट्टी नाही भेटून राह्यली." तिने ते एकदा स्वतःशी म्हटलं. अर्थ मागून आला. तो येताना मला दिसला.

ती भावाकडे वळली. "तू त म्हने दिवाळीले येऊन राह्यले."

कारण दर रविवारी ती विचारायची, कधी येतात, आणि आजोबा दोन्ही हातांनी विमान करून दाखवायचे आणि मान डोलवायचे. दिवाळी होऊन गेली होती. मग ते संक्रांतीचं विमान करायला लागले होते.

"येतील म्हटलं होतं," आजोबा पुटपुटले.

"नीट तोंड उघडून बोल."

त्यांनी पानाचा डबा उघडला.

"तुह्यापेक्षा हा भितीवरचा बरा," ती म्हणाली. "खरं त बोलते." आणि पुन्हा तुझ्याकडे वळली. आजोबांना हाताने बाजूला केलं, मलाही जरा बाजूला केलं, कारण माझी सावली तुझ्या हनुवटीवर पडत होती. "औंदा नाही?"

"औंदा नाही, आत्याआजी," तू म्हणालास. आजोबांकडे न बघता.

"मंग कवा?"

तू ताईकडे पाहिलंस. तिने खांदे उडवले. मी तुला काय सांगावं या विचारात होते. मग तू कुणी न शिकवता म्हणालास, "मले मालूम नाही."

तिला ते पहिल्या झटक्यात दिसलं. तिने माझ्याकडे वळून विचारलंसुद्धा नाही.

"मंग मालूम कर," ती म्हणाली. "मी बसली हाओ इथी." आणि पदर मांडीवर सारखा करून, तुझ्या ओठांवरची नजर न काढता बसून राहिली.